पाण्याच्या रेषेखाली

बुलेटचा सायलेन्सर बदलला की गाडी 'मॉडिफाय' झाली, असं आमच्या अमरावतीत मानतात. हँडल उंच केलं, टाकीवर वाघ काढून घेतला, मागचं मडगार्ड कापून टाकलं, की गाडी चौकात उभी करायची सोय होते. चार पोरं वळून पाहतात, एक जण खर्च विचारतो. गाडी आधीपेक्षा बरी वळते का, ब्रेक लवकर लागतो का, हे कुणी विचारत नाही. विचारण्याची गरजही नसते, कारण रस्ता बऱ्यापैकी सहनशील असतो. वाईट बदल केलेली गाडीही रस्त्यावर चालतेच.

पाणी इतकं सहनशील नाही. म्हणून मॉडिफिकेशन या गोष्टीची समीक्षा करायची तर ती पाण्यावरच्या यंत्रावरून करावी, असं मला वाटतं. मी निवडलेलं यंत्र वऱ्हाडात कुणाकडे असेल असं वाटत नाही. ते आहे जुनी, उभं राहून चालवायची जेट स्की. तिचं बूड, म्हणजे इंग्रजीतून आपल्याकडे आलेला शब्द वापरायचा तर 'हल', कापून, वाढवून, घासून बदलणाऱ्या लोकांचे व्हिडिओ मी गेली काही वर्षं फोनवर बघतोय. समुद्रापासून इतक्या लांब बसून हे कशाला बघायचं, या प्रश्नाचं उत्तर लेखाच्या शेवटच्या भागात वर्धा नदीवर मिळेल. तिथपर्यंत थोडा धीर धरा.

माझं म्हणणं साधं आहे. कुठल्याही तरंगणाऱ्या वस्तूवर एक न दिसणारी रेघ असते: पाणी जिथे टेकतं ती जलरेषा. तिच्या वर केलेला बदल लोक बघतात. तिच्या खाली केलेला बदल पाणी बघतं. मॉडिफिकेशन चांगलं की वाईट हे ठरवताना आपण बहुतेक वेळा रेषेच्या चुकीच्या बाजूला उभे असतो.

एक यंत्र, ज्यावर बसता येत नाही

तारकर्लीला किंवा गोव्याला भाड्याने मिळते ती जेट स्की बसून चालवायची असते. मागे तीन माणसं, लाइफ जॅकेट, पाच मिनिटांची फेरी. उभ्याने चालवायची जेट स्की वेगळी. तिला सीट नसते. मागच्या बाजूला एक उथळ, ट्रेसारखा खळगा असतो, त्यात चालवणारा उभा राहतो. हातात हँडल, आणि ते हँडल एका लांब दांड्याच्या टोकाला. दांडा पुढे बिजागरीवर बसवलेला, त्यामुळे तो वर-खाली होतो. यंत्र थांबलं की ते एकट्याने नीट तोल धरत नाही, वेग आला की धरतं. सायकलसारखंच.

क्लेटन जेकबसन दुसरा या अमेरिकी माणसाची ही कल्पना. तो मोटोक्रॉसचा शौकीन होता आणि मोटारसायकलसारखं काहीतरी पाण्यावर हवं, हे त्याच्या डोक्यात १९६०च्या दशकात आलं. त्याच्या कल्पनेवरून आधी बॉम्बार्डिए कंपनीने १९६८ साली बसून चालवायचं यंत्र काढलं, ते तेव्हा चाललं नाही. मग कावासाकीने १९७३ साली उभ्याने चालवायचं ४०० सीसीचं यंत्र बाजारात आणलं. 'जेट स्की' हे खरं तर त्या कंपनीच्या मालाचं नाव. आपल्याकडे वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणतात, तसं ते सगळ्यांना लागलं. १९८२ साली त्याच घराण्यातली जेएस ५५० आली. १९९० साली यामाहाने सुपरजेट काढली. आज ज्यांना 'विंटेज' म्हणतात ती यंत्रं मुख्यतः या काळातली.

आतलं कामकाज समजायला अवघड नाही. तळाला एक जाळी असते. तिच्यातून पाणी आत ओढलं जातं, इंजिनवर फिरणारा पंखा ते मागे ढकलतो आणि मागच्या तोंडातून धार जोरात बाहेर पडते. त्या धारेची दिशा बदलली की यंत्र वळतं. बाहेर पंखा नाही, सुकाणू नाही. सुरुवातीच्या यंत्रांची एक गंमत होती. चालवणारा पडला की यंत्र हळू वेगात गोल फिरत त्याच्याकडे परत येई. मालकाला टाकून न जाणाऱ्या बैलासारखं.

म्हणजे या यंत्रात इंजिन जितकं महत्त्वाचं, तितकंच बूड. बुडाची खोली, कडांचा कोन, पुढून मागे जाणारा बाक, मागच्या टोकाची सपाटी यांतलं काहीही बदललं की यंत्राचा स्वभाव बदलतो. आणि हे यंत्र फायबरग्लासचं. फायबर कापता येतं, जोडता येतं, पुन्हा घासता येतं. तिथून मॉडिफिकेशनची सुरुवात झाली.

कापण्याची समीक्षा

या लोकांचे बदल ढोबळमानाने पाच प्रकारचे असतात.

पहिला, पायांचा. खळग्याच्या तळाशी फायबरचे कप्पे बसवून त्यात पाऊल अडकवायची सोय करतात. यंत्र हवेत उडवलं तरी माणूस त्याच्यापासून सुटत नाही.

दुसरा, बाजूंचा. मागच्या भागात दोन्ही कडांना पट्ट्या किंवा फुगवटे जोडतात, त्यांना स्पॉन्सन म्हणतात. वळताना मागचा भाग पाण्यावर घसरतो, ही पट्टी तिथे पाण्याला चावा घेते.

तिसरा, तळाच्या पत्र्याचा. पंपाखाली एक पत्रा असतो, राइड प्लेट. तो लांब केला की यंत्र सरळ रेषेत स्थिर पळतं. आखूड केला की शेपूट मोकळी होते, चटकन फिरते, पण वेगात नाक वर-खाली आपटायला लागतं.

चौथा, आकाराचा. नाक कापून यंत्र आखूड करतात, तळाला पुढून मागे जास्त बाक देतात, म्हणजे ते जागच्या जागी उसळी मारू शकतं. कसरती करणाऱ्यांना हे हवं असतं. शर्यतवाल्यांना बरोबर उलटं हवं असतं, ते मागे लांबी वाढवतात.

पाचवा, इंजिनाचा. जेएस ५५०च्या बुडात त्याच कंपनीचं ६५० किंवा ७५० सीसीचं इंजिन घालतात. त्यासाठी आतले आधार कापून नवे बसवावे लागतात, धुराची वाट बदलावी लागते.

हे पाचही बदल मी डझनांनी पाहिले. त्यांतले चांगले कोणते, हे ओळखायला मला वेळ लागला. पण एकदा कळल्यावर निकष अगदी सोपा निघाला. चांगला बदल एकटा राहत नाही. तो दुसऱ्या बदलाची मागणी करतो आणि करणारा ती मागणी ऐकतो.

उदाहरण इंजिनाचं घेऊ. जास्त ताकदीचं इंजिन बसवलं, तर पंपाला जास्त पाणी ओढावं लागतं. जुना पंखा ते पेलत नाही, पाण्यात बुडबुडे होतात आणि ताकद नुसती फिरत राहते. म्हणून पंखा बदलावा लागतो. वेग वाढला की जुना पत्रा पुरत नाही, नाक आपटायला लागतं, म्हणून पत्रा लांब करावा लागतो. पत्रा लांब केला की शेपूट जड होते, वळणं हरवतात, म्हणून कडांना पट्ट्या लागतात. पट्ट्या लावल्या की वळताना माणूस बाहेर फेकला जातो, म्हणून पायांना कप्पे लागतात. एका बदलाने सुरू झालेलं काम पायापर्यंत येतं. जो माणूस इंजिन बसवून थांबला, त्याने यंत्र बदललेलं नसतं. त्याने एका यंत्रात दुसऱ्या यंत्राचा तुकडा कोंबलेला असतो.

आपल्याकडे जुन्या नाटकाचे नवे प्रयोग होतात, तिथे हाच दोष दिसतो. संवाद जुने ठेवायचे आणि पात्रांच्या हातात मोबाइल द्यायचा. मोबाइल आला, तर पत्र उशिरा पोचल्यामुळे घडणारा दुसरा अंक राहतो कसा, हे कुणी विचारत नाही. मोबाइल जलरेषेच्या वर आहे. दुसरा अंक खाली आहे.

या छंदातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र कुठल्याच कसरतीत नाही. ती आहे फोमची. जुन्या यंत्रांच्या पोटात तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. वर्षानुवर्षांत कुठल्या तरी बारीक भेगेतून पाणी आत जातं आणि फोम ते धरून ठेवतो. बाहेरून काही दिसत नाही. रंग चकाचक, स्टिकर नवे, इंजिन सुरात, आणि यंत्र तरी सुस्त. अशा वेळी जाणकार माणूस आधी यंत्राचं वजन करतो. कागदावरच्या वजनापेक्षा ते बरंच जास्त भरलं, तर तो बूड उघडतो, ओला फोम हाताने खरवडून काढतो, आतून वाळवतो, नवा भरतो आणि बूड पुन्हा बंद करतो. कित्येक दिवसांचं काम. ते संपल्यावर यंत्र आधीसारखंच दिसतं.

बंद करतानाही एक परीक्षा असते. कापलेल्या कडा उतरत्या घासाव्या लागतात, म्हणजे नव्या फायबरला धरायला जागा मिळते. सगळ्या बुडांना एकच राळ चालत नाही. काही यंत्रांचं बूड साच्यात दाबून केलेल्या कंपोझिटचं असतं, त्यावर स्वस्तातली पॉलिएस्टर राळ नीट धरत नाही, इपॉक्सी लागते. स्वस्त राळ वापरलेला जोडही चार दिवस सुंदर दिसतो. मग एका लाटेवर सुटतो.

या कामाला मी उत्तम मॉडिफिकेशन म्हणेन, जरी करणारे त्याला फक्त दुरुस्ती म्हणत असले तरी. आणि याच जगात दुसऱ्या टोकाला मला न पटणारं खूप काही आहे. आरशासारखा रंग दिलेली, प्रत्येक नट चमकवलेली यंत्रं, ज्यांना पाण्यात उतरवायला मालकाचा जीव होत नाही. ती ट्रेलरवरून प्रदर्शनात जातात आणि ट्रेलरवरूनच परत येतात. जलरेषा नसलेली नाव ही एक महागडी मूर्ती असते. तिच्यावर समीक्षा लिहिता येत नाही, कारण तिने कुठलाच प्रश्न स्वतःला विचारून घेतलेला नाही.

चित्रात नसलेलं बूड

आता हा निकष आपल्या जवळच्या, मोठ्या कामावर लावून बघू. नौदलाची आयएनएसव्ही कौंडिण्य ही शिडाची नौका तुम्ही रील्समध्ये पाहिली असेल. लाकडी फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवून बांधलेलं जहाज. सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली फळ्या शिवल्या गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज गोव्यात पाण्यात उतरलं, २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालं आणि डिसेंबरच्या शेवटी पोरबंदरहून मस्कतला निघून जानेवारी २०२६ मध्ये तिथे पोचलं.

हे जहाज कशावरून बांधलं? अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून. इथे वऱ्हाडी माणसाने थोडं ताठ बसायला हरकत नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या लेण्यांमागे वाकाटक राजा हरिषेणाचा काळ आहे, सोळा नंबरच्या लेण्यात त्याच्या मंत्र्याचा, वराहदेवाचा, शिलालेख आहे. हरिषेण वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम, जे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं. कुठल्याच बाजूला समुद्र नसलेल्या गावातून राज्य करणाऱ्या राजाच्या काळात एका डोंगराच्या पोटात कुणीतरी जहाज रंगवलं आणि दीड हजार वर्षांनी त्यावरून खरं जहाज झालं.

पण चित्रावरून जहाज बांधण्यातली अडचण बघा. चित्रकाराने जहाज पाण्यावर असताना काढलं. म्हणजे जलरेषेच्या वरचा भाग त्याने दाखवला, खालचा नाही. तोही एका बाजूने, सपाट भिंतीवर. आराखडा नाही, मापं नाहीत, जुना सांगाडा हाती नाही. बूड किती खोल, किती रुंद, कणा कसा, हे सगळं चित्राच्या बाहेर होतं. ते शोधून काढायला नौदलाने आयआयटी मद्रासच्या महासागर अभियांत्रिकी विभागाची मदत घेतली, जहाजाच्या आकाराच्या चाचण्या केल्या. आणि शिवलेलं लाकूड आजच्या जहाजासारखं वागत नाही. ते लाटेवर थोडं लवतं. पोलादी जहाजांचे ठोकताळे इथे कामाचे नाहीत.

जेट स्कीवाला जुन्या बुडाशी भांडतो. इथे भांडायला बूडच नव्हतं. तरी निकष तोच लागू पडला, कारण परीक्षक तोच होता. बूड चुकलं असतं तर मस्कत दिसलं नसतं. मला या जहाजाचं जलरेषेखालचं काम अलीकडच्या काळातल्या फार थोड्या प्रामाणिक पुनर्निर्मितींपैकी वाटतं. प्रामाणिक अशासाठी, की त्याला उत्तर देणं भाग होतं.

रेषेच्या वर मात्र मला तक्रार आहे. शिडांवर गंडभेरुंड आणि सूर्य. नाकावर कोरलेला सिंहयाळी. डेकवर हडप्पा शैलीतला दगडी नांगर, तोही प्रतीकात्मक. गंडभेरुंड विजयनगर आणि म्हैसूरच्या राजचिन्हांमुळे आपल्याला माहीत आहे, याळी दक्षिणेच्या देवळांमुळे. हडप्पाचा काळ आणि अजिंठ्याचं चित्र यांच्यामध्ये दोन हजारांहून जास्त वर्षं आहेत. पाचव्या शतकातलं बूड, आणि त्यावर सगळ्या शतकांचा सारांश. हे चूक आहे असं नाही. नौकेवर आपल्या खुणा काढायचा हक्क प्रत्येक खलाशाला असतो. पण फरक डोळ्यात भरतो. जिथे पाणी प्रश्न विचारणार होतं, तिथे एकेका फळीचा हिशेब झाला. जिथे फक्त कॅमेरा बघणार होता, तिथे 'आपलं, प्राचीन, भव्य' एवढं पुरलं. आणि ज्या वाकाटकांच्या काळात ते चित्र निघालं, त्यांची एकही खूण या सजावटीत नाही.

आधी खांदा, मग शिंगं

यावर कुणी म्हणेल, मग सजावट करूच नये का? नारळी पौर्णिमेला कोळी होड्या रंगवतात, त्या काय मूर्ख म्हणून? नाही. सजावटीला माझा विरोध नाही. वऱ्हाडात वाढलेल्या माणसाचा असूच शकत नाही, आमच्याकडे पोळा असतो.

पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, बेगड लावतात, अंगावर झूल टाकतात, कपाळावर बाशिंग बांधतात. बैल असा दिसतो, की फोटो काढावाच लागतो. पण त्याच्या आदल्या दिवशी एक गोष्ट होते, जिचे फोटो फारसे निघत नाहीत: खांदमळणी. बैलाचा खांदा तूप-हळदीने चोळतात. वर्षभर जू जिथे बसलं, कातडं जिथे घट्ट झालं किंवा सोललं, ती जागा हाताने चाचपतात. ज्या खांद्यावर जखम आहे तो खांदा त्या दिवशी घरच्या माणसाच्या हाताला कळतो. मग दुसऱ्या दिवशी शिंगं.

मला हा क्रम मॉडिफिकेशनचा पूर्ण सिद्धान्त वाटतो. खांदा जलरेषेखाली आहे, शिंगं वर. शिंगं रंगवणं खोटं नाही, कारण आधी खांदा मळला आहे. खांदा न मळता रंगवलेली शिंगं म्हणजे चकचकीत टाकी आणि घासलेले ब्रेक शू.

आपल्या शहरांतल्या बुलेटवाल्यांशी पोलिसांचं भांडण सायलेन्सरवरून होतं. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोड रोलर फिरवतानाचे फोटो दर काही महिन्यांनी येतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ रचनेला सोडून गाडीत बदल करता येत नाही. कायद्याची बाजू मला कळते. पण समीक्षक म्हणून मला सायलेन्सर वाईट वाटतो तो वेगळ्या कारणाने. तो बदल काहीच मागत नाही. तो बसवल्यावर गाडीतली दुसरी कुठलीही गोष्ट बदलावी, असं मालकाला वाटत नाही. तो फक्त दुसऱ्यांच्या कानाला मागतो.

आमच्या धरणावरचं बूड

आता वर्धा नदीवर येऊ. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ अप्पर वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर म्हणतात. अमरावतीच्या नळाला येणारं पाणी तिथलं. दारं उघडली की आम्ही सगळे गाड्या काढून ते बघायला जातो, पाठ पाण्याकडे करून फोटो काढतो. त्याच वेळी मागे, दूर पाण्यावर, एक ठिपका हलत असतो.

तो थर्माकोलचा तराफा असतो. विदर्भातल्या किती तरी धरणांवर आणि तलावांवर भोई समाजातली आणि इतर मासेमार माणसं अशा तराफ्यांवरून, नाहीतर हवा भरलेल्या ट्यूबवरून जाळं टाकतात. लाकडी किंवा पत्र्याची नाव प्रत्येकाला परवडत नाही. मी जवळून पाहिलेल्या एका तराफ्याचं वर्णन करतो. थर्माकोलचे जाड तुकडे एकमेकांवर ठेवून दोरीने आवळलेले. थर्माकोल कडांना कुस्करतं, म्हणून बाहेरून खताच्या गोण्या शिवलेल्या. गोण्या निसटू नयेत म्हणून त्यावर जुन्या जाळ्याचं वेष्टन. मागचा भाग पुढच्यापेक्षा जाड. का, असं विचारल्यावर त्या मासेमार काकांनी मला दोन वाक्यांत समजावलं, की माणूस मागे बसतो आणि जाळं ओढताना पाण्यानं भिजलेलं वजनही मागेच येतं. दोन्हीकडे सारखं बांधलं, तर तराफा 'मांगून' बसतो.

म्हणजे इथेही एका बदलाने दुसरा मागितला आहे. कुस्करणाऱ्या कडांनी गोणी मागितली, गोणीने जाळं मागितलं, ओल्या वजनाने मागचा थर मागितला. कॅलिफोर्नियातला माणूस ज्याला आयुष्याचा छंद म्हणतो, ते इथे रोजच्या मासळीसाठी होतं आणि त्याला कुणी 'कस्टम' म्हणत नाही. निकष लावायचा तर मी हे काम प्रदर्शनातल्या चकचकीत जेट स्कीच्या पुष्कळ वर ठेवीन. त्यात जलरेषेच्या वर काहीही नाही. सगळं खाली आहे.

पण एवढं म्हणून थांबणं लबाडीचं होईल. गरिबीतल्या हिकमतीचं कौतुक करून घरी जाणं, हा आपल्या लेखनातला एक आवडता शेवट आहे. त्या तराफ्याची हुशारी खरी, आणि धोकाही खरा. दोरी सुटली, गोणी फाटली, तर खाली पाणीच आहे.

उभ्याने जेट स्की चालवणारा एकटा असतो. त्याचं मॉडिफिकेशन चुकलं तर तो पडतो, पोहतो, परत चढतो. तराफ्यावरचा मासेमारही एकटा असतो. चूक झाली तर किंमत त्याची. कौंडिण्यवरचे खलाशी प्रशिक्षित होते, स्वेच्छेने गेले होते. या सगळ्यांत बूड ठरवणारा आणि बुडावर उभा राहणारा यांच्यात फार अंतर नाही. अंतर पडतं, तेव्हा समीक्षेचा स्वर बदलावा लागतो.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. नातेवाइकाच्या दशक्रियेसाठी जमलेली माणसं होती. आमच्या भागात ही तारीख अजून विसरलेली नाही. त्या नावेविषयी मी इथे निवाडा देत नाही. मी फक्त छोट्या नावेचं सर्वसाधारण गणित सांगतो, जे शाळेत आर्किमिडीजसोबत शिकवायला हवं. माणसं चढतात तसं बूड खाली जातं. पाण्यापासून काठापर्यंतची मोकळी उंची कमी होते. एक जण उभा राहिला की वजनाचा मध्य वर सरकतो. दोघं एका बाजूला वाकले की काठ पाण्याला टेकतो. पाणी आत आलं की ते उताराच्या बाजूला धावतं आणि नावेला आणखी कलंडवतं. हे सगळं घडायला लागणारा वेळ एका सेल्फीपेक्षा कमी असतो. आणि नावेत बसणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, कारण ते ज्या रेषेवर ठरतं ती रेघ नावेवर काढलेलीच नसते.

ही रेघ काढायची कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मालक जहाजं वाटेल तितकी भरत आणि खलाशी बुडत. सॅम्युअल प्लिमसोल नावाचा खासदार त्याविरुद्ध लढला. १८७६ च्या कायद्याने जहाजावर भाररेषा रंगवणं सक्तीचं झालं. गंमत अशी, की ती रेघ कुठे काढायची हे सुरुवातीला मालकावरच सोडलं होतं. कायद्याने जागा ठरवून द्यायला १८९० उजाडावं लागलं. आजही मोठ्या जहाजाच्या कुशीवर ते वर्तुळ आणि आडवी रेघ दिसते. रंगाचा एक फटकारा. दिसायला सजावट, काम बुडाचं.

आपल्याकडे २०२१ साली अंतर्देशीय जहाजांचा नवा कायदा झाला, १९१७ चा जुना कायदा गेला. इंजिन नसलेल्या नावांची नोंदणी स्थानिक संस्थांकडून करून घ्यायची तरतूद त्यात आहे. म्हणजे कागदावर ग्रामपंचायतीपर्यंत हा विषय पोचू शकतो. कागदावरून काठापर्यंत तो आणायला आम्हाला काय लागेल?

मला वाटतं, इथे गाडी मॉडिफाय करणाऱ्या पोरांचा उपयोग आहे, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. वेल्डिंग येतं, फायबर येतं, मापं घेता येतात, रात्री दोनपर्यंत गॅरेजमध्ये थांबायची तयारी असते. अमरावती-अकोल्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत दर वर्षी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प होतात. त्यांतल्या एका गटाने एका घाटावरची एक नाव मोजावी. रिकामी असताना पाणी कुठवर येतं बघावं, मग वाळूची पोती चढवत जावं, काठाला किती उंची उरते ते टिपावं, कलंडवून बघावं. त्यावरून किती माणसं बसली की थांबायचं, हे ठरवावं. तराफेवाल्या काकांना नवं काही शिकवायला जाऊ नये. आधी त्यांनी मागचा थर किती जाड ठेवला आणि का, ते वहीत लिहून घ्यावं. मग गोणीऐवजी काय टिकेल, ते त्यांच्यासोबत बसून शोधावं.

आणि मोजून झाल्यावर नावेच्या दोन्ही कुशींवर, सगळ्यांना दिसेल अशी, हातभर लांब पांढरी रेघ काढावी. तिच्या बाजूला माणसांचा आकडा. रेघ पाण्याखाली गेली की नाव सुटणार नाही, एवढंच त्या घाटावरच्या प्रत्येक पोराला माहीत असावं. ऑइलपेंटचा छोटा डबा आणि दोन इंची ब्रश यांना बुलेटच्या सायलेन्सरपेक्षा कितीतरी कमी पैसे लागतात.